फडातली मुले आपल्या गावची

कृष्णेच्या आणि धोम धरणाच्या पाण्यावर वाई तालुक्यात ऊस पिकतो. भुईंजच्या किसन वीर सातारा सहकारी साखर कारखान्यासह आसपासच्या कारखान्यांत तो गाळला जातो. तो तोडण्यासाठी मात्र बीड, अहिल्यानगर, धाराशिव, जालना, परभणी अशा लांबच्या जिल्ह्यांतून माणसे येतात. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या उतरतात, माळावर किंवा कारखान्याच्या तळावर पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोपी उभ्या राहतात आणि मार्च-एप्रिलमध्ये हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत त्या तिथेच असतात. हेच चित्र रेठरे, कराड, वाळवा, सांगली अशा कृष्णाकाठच्या सगळ्या ऊसपट्ट्यात दिसते. राज्यात ऊसतोड मजुरांची संख्या आठ ते दहा लाखांच्या घरात असल्याचा अंदाज वर्षानुवर्षे सांगितला जातो. या मजुरांबरोबर त्यांची मुलेही येतात. वर्षातले पाच-सहा महिने ही मुले आपल्या शिवारात राहतात, आपल्याच विहिरीचे पाणी पितात, पण आपल्या गावच्या अंगणवाडीच्या नोंदवहीत बहुधा त्यांचे नाव नसते. जितके दिवस ती इथे आहेत तितके दिवस ती इथल्या गावची मुले मानली पाहिजेत, आणि त्यांच्या आहाराची, लसीकरणाची, सांभाळाची व शाळेची जबाबदारी मुख्यतः इथल्या ग्रामपंचायतीने, इथल्या कारखान्याने आणि इथल्या प्रशासनाने घेतली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही जबाबदारी इथलीच का, हे तोडणीचा दिवस पाहिला की कळते. टोळी पहाटे अंधारात फडाकडे निघते. नवरा-बायकोची जोडी हे कामाचे एकक. मुकादमाकडून घेतलेली उचल त्या जोडीच्या नावावर असते आणि ती टनावारी फेडायची असते. एक दिवस खाडा झाला तर मजुरी बुडते आणि वर दंडही कापला जातो. त्यामुळे बाळंतीण झालेली बाईसुद्धा लवकरच कोयता हाती घेते. तान्ह्या मुलाला फडाच्या कडेला साडीच्या झोळीत ठेवायचे, रांगणाऱ्याला पाचटावर सोडायचे, आणि आठ-दहा वर्षांच्या बहिणीला त्यांच्यावर लक्ष ठेवायला बसवायचे, एवढीच सोय त्या आईच्या हातात असते. फडात साप असतो, उसाने भरलेले ट्रॅक्टर मागेपुढे होत असतात, आणि कराड-शिराळ्याच्या पट्ट्यात उसात बिबट्याचा वावर आता नवा राहिलेला नाही. सकाळी केलेल्या भाकरीवर दिवस निघतो. ज्या वयात मुलाला दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे भरवावे लागते, त्या वयात भरवणाराच कोणी जवळ नसतो. या मुलांच्या वजनाचा प्रश्न आईच्या अज्ञानाचा नाही. तो तिच्या वेळेचा आहे, आणि तो वेळ आपला ऊस वेळेवर तुटावा म्हणून खर्ची पडतो.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. शाळेच्या वयाच्या मुलांसाठी प्रयत्न झाले. या शतकाच्या सुरुवातीला ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा चालवल्या. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाल्यावर वेगळ्या शाळेऐवजी जवळच्या नियमित शाळेतच मुलाला बसवावे हे धोरण आले आणि साखरशाळा मागे पडल्या. पुढे भर आला तो गावाकडच्या हंगामी वसतिगृहांवर. आईवडील तोडीला जावेत, मुलांनी गावीच राहून शिकावे, हा त्यामागचा विचार. २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेतून ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांना मान्यता दिली. हा विचार चांगला आहे आणि तो पुरेशा पैशाने पुढे गेला पाहिजे. पण वसतिगृहात सहा वर्षांखालच्या मुलाला कोणी ठेवत नाही आणि ठेवूही नये. दूध पिणारे बाळ आईबरोबरच येणार. त्याच्यामागे त्याला सांभाळायला मोठी बहीण येणार. गावाकडच्या वसतिगृहात मुलींच्या खाटा वाढवल्या तरी फडातल्या बाळाला कोण सांभाळणार याचे उत्तर सापडल्याशिवाय त्या बहिणीची सुटका नाही. आजवरच्या धोरणाने हा धागा नीट पकडलेला नाही. वसतिगृहाची सोय सुरू होते त्या वयाच्या आधी जी सहा वर्षे जातात, तीच मुलाच्या वाढीची निर्णायक वर्षे आहेत आणि ती सातारा-सांगलीच्या फडात जातात.

कायद्याने या मुलांना पोरके ठेवलेले नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ ठिकाणी सुरू झाली, त्यात आपल्या मेळघाटातले धारणीही होते. पुढे सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात ही सेवा सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलापर्यंत पोहोचवण्यास सांगितले. ज्या वस्तीत अशी किमान ४० मुले आहेत पण अंगणवाडी नाही, तिथे मागणी झाल्यापासून तीन महिन्यांत ती द्यावी, असेही बजावले. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाला, गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीतून मोफत आहार हा हक्क दिला. शिक्षणहक्क कायद्याच्या पाचव्या कलमानुसार शाळा सोडल्याचा दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि नवव्या कलमाने स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी ठरवली आहे. इथे स्थानिक म्हणजे मूल ज्या गावी येऊन राहिले ते गाव. यातल्या कोणत्याही तरतुदीत मूल मूळचे कुठले, असा प्रश्न विचारलेला नाही. तेव्हा आपण मागतो आहोत ते काही नवे दान नाही. जे देणे आधीच लागू आहे तेच वेळेवर द्यायचे आहे.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की, इथे सोयी केल्या तर लोक मुलांना बरोबर आणायला प्रवृत्त होतील आणि वसतिगृहे ओस पडतील. मोठ्या मुलांपुरती ही भीती समजण्यासारखी आहे. पण पाळणाघर नसल्यामुळे लोक तान्ही मुले गावी ठेवून आले, असे आजवर झालेले नाही. झाले आहे ते उलटेच: पाळणाघर नाही म्हणून शाळेत जाणारी मुलगी सोबत आणली जाते. तिचे सहा महिने बुडतात, परत गेल्यावर वर्गाशी मेळ बसत नाही, एक-दोन हंगामांत शाळा सुटते. मग मोठी झालेली मुलगी कोपीवर एकटी ठेवायची कशी, या धास्तीने तिचे लग्न उरकले जाते आणि नवी जोडी उचल घेऊन फडात उतरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाल्याचे आढळले; बीड जिल्ह्यात हे प्रमाण ४३.७ टक्के होते. याला एकटी ऊसतोडच कारण आहे असे नाही, पण तिचा वाटा नाकारता येणार नाही. पुढे याच बायकांच्या शरीराचे काय होते ते २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आले. बीड जिल्ह्यात तपासणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. आजारपणाला रजा नाही, शौचालय नाही, विसावा नाही, अशा कामाची ही किंमत आहे. फडाजवळचे पाळणाघर या साखळीची पहिली कडी सोडवते: बाळ सुरक्षित राहते, बहीण शाळेत जाऊ शकते, आणि आईला दिवसातून एकदा तरी आरोग्य सेविकेशी बोलण्याची जागा मिळते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो ज्यांच्यावर काम पडणार आहे त्यांचा आहे. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांच्यावर आधीच सर्वेक्षणे, मोबाइलवरच्या नोंदी, बैठका यांचा भार आहे. मानधन वाढावे म्हणून त्यांना डिसेंबर २०२३ पासून जानेवारीपर्यंत राज्यव्यापी संप करावा लागला. त्यांच्याच पटावर आणखी पन्नास मुले चढवून मोकळे होणे हा उपाय नव्हे. शिवाय अंगणवाडी दिवसातले काही तासच उघडी असते, आणि टोळी पहाटे बाहेर पडून दिवस मावळताना परतते. म्हणून अंगणवाडीने वजन, लसीकरण, पोषण आणि नोंदी पाहाव्यात, आणि दिवसभराच्या सांभाळासाठी हंगामापुरते स्वतंत्र पाळणाघर असावे. ते गावातल्या बचत गटाच्या बायकांनी मजुरी घेऊन चालवावे, मजूर टोळीतल्याच एखाद्या बाईला पूर्ण मजुरीवर तिथे नेमावे, म्हणजे मुलांना ओळखीचा चेहरा मिळेल. कामाच्या जागी पाळणाघर नेण्याची कल्पना अनोळखी नाही. दिल्लीत १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी फिरती पाळणाघरे सुरू केली. तोच मार्ग पुढे मुंबई-पुण्यातल्या संस्थांनी धरला. शेजारच्या कर्नाटकाने २०२३ मध्ये रोजगार हमीवर जाणाऱ्या आयांसाठी ‘कूसिन मने’ ही ग्रामपंचायतींची पाळणाघरे हाती घेतली. बांधकाम संपले की तिथले पाळणाघर दुसरीकडे हलते. ऊसतोडीचे तळ तर त्याहून सोपे, कारण दरवर्षी ते त्याच भागात आणि त्याच महिन्यांत पडतात.

पैशाचे काय, हा प्रश्न कारखान्यांकडून येतो. अनेक कारखाने कर्जात आहेत, उसाचा किमान दर (एफआरपी) देताना दमछाक होते, हे खरे आहे. पण तोडणी मजूर आपला कामगार नाही, तो मुकादमाचा आहे, या भूमिकेत आता राहता येणार नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने तीसपेक्षा जास्त स्त्रिया काम करत असतील तिथे पाळणाघर सक्तीचे केले होते. साखर कारखान्याच्या आवारात पाळणाघराचा नियम पाळायचा, आणि ज्यांच्या कोयत्याशिवाय गव्हाणीत एक मोळी पडत नाही त्या हजारो स्त्रियांना मात्र कारखान्याच्या कुंपणाबाहेरच्या म्हणून सोडून द्यायचे, याला न्यायाचा आधार नाही. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढीच भर राज्याने घालायची, असे ठरलेले आहे. पाच लाख टन गाळणाऱ्या कारखान्याचे पन्नास लाख आणि सरकारचे पन्नास लाख, असे एका हंगामात एक कोटी होतात. या निधीतून वसतिगृहे चालावीतच. पण त्यातला ठरावीक भाग ज्या तालुक्यात ऊस तुटतो तिथल्या पाळणाघरांसाठी राखून ठेवावा. ग्रामपंचायतींनाही स्वउत्पन्नाच्या दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्चायची असते. त्यातून सतरंज्या, भांडी, पाण्याची टाकी आणि एक तात्पुरते शौचालय निघायला हरकत नाही. जागेला तर खर्चच नाही. समाजमंदिर आणि पडीक शाळाखोल्या गावोगावी आहेत.

काहींचे म्हणणे असे की, येत्या काही वर्षांत हार्वेस्टर येतील आणि प्रश्न आपोआप सुटेल. सातारा-सांगलीतल्या लहान, तुकड्या-तुकड्यांच्या आणि उताराच्या शेतांवर यंत्राला मर्यादा आहेत. आणि यंत्र येईल तेव्हा येईल. यंदा दोन वर्षांचे असलेले मूल तोवर थांबत नाही.

साताऱ्याने घर सोडून आलेल्या मुलांना आपले म्हणण्याचे धडे इतरांना दिले आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारे वसतिगृह उभे केले. त्या मुलांच्या जेवणाचे धान्य गावोगावच्या शेतकऱ्यांनी दिले. ती मुले कुठल्या गावची, हे कोणी विचारले नाही. वाईच्या वर, पसरणी घाट चढून गेले की पाचगणी लागते. तिथे शंभराहून अधिक वर्षे देशभरातून लहान मुले येऊन राहतात, शिकतात, आणि अख्खे गाव त्यांच्या काळजीवर जगते. परगावच्या मुलांना सांभाळण्याचे कसब या परिसराच्या अंगवळणी पडलेले आहे. ते घाटाखालच्या कोपीपर्यंत पोहोचवायचे आहे.

सुरुवात कारखान्याच्या शेतकी विभागापासून होऊ शकते. कोणती टोळी कुठल्या गावात, कुठल्या माळावर उतरली, हे गट कार्यालयाला आणि फडावर नोंदी ठेवणाऱ्या चिटबॉयला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. टोळीच्या करारातच सोबत येणाऱ्या मुलांची नावे व वये, गरोदर आणि स्तनदा मातांची नोंद घ्यावी आणि ती यादी आठवड्याच्या आत बालविकास प्रकल्प अधिकारी, गटशिक्षणाधिकारी व प्राथमिक आरोग्य केंद्राकडे जावी. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पाळणाघराची जागा आणि ते चालवणारा बचत गट ठरावा, म्हणजे बॉयलर पेटण्याआधी दार उघडलेले असेल. पहिल्या हंगामात वाई तालुक्यातले मोठे तळ घ्यावेत, चुका तिथे दिसतील त्या सुधाराव्यात, मग कराड, वाळवा, पलूसकडे जावे. प्रत्येक मुलाचे वजन आणि उंची नोव्हेंबरात एकदा व टोळी परतताना एकदा मोजावी, लसीकरणाची नोंद माता-बाल संरक्षण कार्डावर करून ते कार्ड आईच्या हाती द्यावे, आणि तिच्या गावच्या अंगणवाडीला तसे कळवावे. हे दोन वेळचे आकडे कारखान्याच्या वार्षिक अहवालात, गाळपाच्या आणि साखर उताऱ्याच्या आकड्यांशेजारी छापले जावेत, आणि वार्षिक सभेत सभासदांनी उताऱ्याइतक्याच आग्रहाने त्यांचा जाब विचारावा.