बारा ग्रॅमचा पेशंट

सोमवार सकाळ. साडेदहाला प्रेझेंटेशन, आणि आमचा गोट्या पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून बसलेला. चोच उघडी, प्रत्येक श्वासाला शेपटी खाली-वर. कान जवळ नेला तर बारीक टिक-टिक. गोट्या म्हणजे आमचा झेब्रा फिंच. वजन जेमतेम बारा ग्रॅम!

जवळच्या डॉक्टरांना फोन केला. ‘आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो.’ दुसरीकडेही तेच. बॉस म्हणाला, ‘अरे, नवीन घे ना!’ शेवटी परळचं बैलघोडा हॉस्पिटल आठवलं. नावात बैल आणि घोडा असला, तरी तिथे पक्षीही बघतात.

बुटांच्या खोक्याला भोकं पाडली, आत रुमाल अंथरला आणि टॅक्सी पकडली. डॉक्टरांनी गोट्याला अलगद धरलं, छाती न दाबता. पक्ष्यांना श्वासपटल नसतं. छाती हलली तरच श्वास. निदान झालं, श्वासनलिकेत माइट्स. फिंचमध्ये हे होतंच म्हणे. वजन करून मानेमागे औषधाचा एक थेंब, पुढचे डोस ठरलेल्या दिवशी. घरी अंदाजाने द्यायचं नाही, एवढ्याशा जिवाला ओव्हरडोस पटकन होतो.

पक्षी आजार लपवतात. आपल्याला दिसतो, तोवर हातात फारसा वेळ उरलेला नसतो. तेव्हा पक्ष्यांच्या डॉक्टरचा नंबर आजच मोबाइलमध्ये टाका, तुमचा गोट्या मजेत ओरडतोय तोवर.

आमचा सध्या पहाटे सहाला ओरडतो. आणि मी चक्क उठतो!