‘मला ठाऊक नव्हते’

दुधात पाणी घातले तर जिभेस त्याची चाहूल लागते. धान्यातील खडे सुपात दिसतात. औषधाची गोष्ट निराळी. गोळी लिंबागणेशच्या शेतकऱ्याने हाती घेतली काय, अथवा मुंबईच्या प्राध्यापकाने घेतली काय, ती खरी की खोटी हे कोणासही नुसते पाहून सांगता येणार नाही. दोघेही ती केवळ विश्वासावर गिळतात. म्हणूनच हा अपराध इतर भेसळीहून मोठा मानला पाहिजे.

1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 14 रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. हा द्रव कारखान्यांच्या उपयोगाचा. दिसावयास ग्लिसरीनसारखा, चवीस गोड, परंतु मूत्रपिंडे निकामी करणारा. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने विकणाऱ्यांबरोबर सरकारी औषध खात्यासही दोष दिला. तरीही 2025 साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधातील याच विषाने वीसहून अधिक बालके मृत्युमुखी पडली. त्यांपैकी कित्येकांना उपचारांसाठी नागपुरास आणले होते. बीड जिल्हाही यातून सुटलेला नाही. अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयास पुरविलेल्या अझिथ्रोमायसिनच्या गोळ्या बनावट निघाल्या, आणि 2024 साली त्याबद्दल गुन्हा नोंदविण्यात आला.

भेसळीच्या किंवा बनावट औषधाने कोणी मेल्यास 1940 च्या औषध कायद्यान्वये आज किमान 10 वर्षे कारावास व 10 लाख रुपये दंड होतो. कारावास जन्मठेपेपर्यंतही वाढू शकतो. ‘औषध कसले होते, मला ठाऊक नव्हते’ ही सबब विक्रेत्यास सहसा चालत नाही. मात्र ज्याने परवानाधारकाकडून माल घेतला, तो नीट ठेवला आणि योग्य काळजी घेऊनही ज्यास दोष कळणे शक्य नव्हते, त्यास सूट आहे. खेड्यातील लहान दुकानदारापाशी प्रयोगशाळा कोठून असणार? त्याच्यापुरती ही सूट मला न्याय्य वाटते.

परंतु हजारो रुग्णांसाठी एकदम औषधे घेणाऱ्या मोठ्या संस्थेने हेच उत्तर द्यावे, हे मला मान्य नाही. तिला नमुने आधी तपासून घेता येतात. तपासणीचा अहवाल गोळ्या वाटून झाल्यावर हाती आला, तर त्याचा रुग्णास काय उपयोग?

दुकानदाराची सूटही पावतीवाचून टिकत नाही. पावतीवर विकणाऱ्याचे नाव व औषधाचा बॅच क्रमांक असतो. त्या धाग्याने निरीक्षक दुकानातून घाऊक व्यापाऱ्याकडे आणि तेथून कारखान्याच्या दारापर्यंत जाऊ शकतो.