विनिमयाचा दर आणि श्रमिकाची भाकरी

रुपया घसरला की राष्ट्राची अब्रू गेली अशी हाकाटी होते. सावरला की मिशांना पीळ भरला जातो. परंतु विनिमय-दर हे राष्ट्राभिमानाचे माप नव्हे. त्या दराने कोणाच्या पदरात काय पडते, हा खरा प्रश्न आहे. रुपया व पौंड यांचा इतिहास याची साक्ष देतो.

रुपया चांदीचा, पौंड सोन्याचा. १८७० नंतर चांदी उतरत गेली आणि सुमारे दोन शिलिंगांचा रुपया १८९२ पर्यंत सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. हिंदुस्थान सरकारला विलायतेतील पेन्शने व कर्जावरील व्याज पौंडांत भरावे लागे. पौंड महागताच त्यासाठी अधिक रुपये लागत, आणि ते रयतेच्या करांतूनच येत. म्हणून १८९३ साली टांकसाळी खाजगी चांदीला बंद झाल्या व पुढे एक शिलिंग चार पेन्स, म्हणजे पौंडास १५ रुपये, हा दर स्थिरावला. हिल्टन यंग आयोगाच्या शिफारशीनुसार १९२७ साली तो एक शिलिंग सहा पेन्स झाला. पौंडास १३ रुपये ५ आणे ४ पै.

शंभर पौंडांच्या कापसाचे जुन्या दराने १५०० रुपये येत; नव्या दराने १३३३. शेतसारा व सावकाराचे देणे मात्र रुपयांत जसेच्या तसे! आयोगाचे सदस्य पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमत नोंदवले. १९३० साली गांधीजींच्या अकरा मागण्यांत जुन्या दराचीही मागणी होती.

परंतु त्याच वादात डॉ. आंबेडकरांनी दुसरी बाजू दाखवली. स्वस्त रुपयाने निर्यातदाराला होणारा नफा परदेशातून येत नाही. तो देशातल्याच इतर वर्गांच्या खिशातून येतो. भाव चढतात, मजुरी मात्र मागे रेंगाळते. नफा गिरणीमालकाचा, तूट मजुराची.

६ जून १९६६ रोजी पौंड २१ रुपयांचा झाला, तेव्हाही हाच हिशेब मांडायला हवा होता. आजही तो टळलेला नाही. रुपया उतरला की निर्यातदार सुखावतो. खनिज तेल, खाद्यतेल व खते मात्र महागतात. यास्तव कोणताही दर स्वयंभू न्याय्य नसतो. दर बदलणाऱ्या शासनाने मजुरीची महागाईशी सांगड घातली काय, आणि शेतकऱ्याला खतांच्या वाढीव किमतीपासून संरक्षण दिले काय, हेच आपण विचारले पाहिजे. त्याचे उत्तर न देता केवळ रुपयाच्या प्रतिष्ठेचे गोडवे गाणे, ही श्रमिकांची दिशाभूल होय.