संशय आधी कोणावर?

यंदा भाताची लावणी उरकली आणि पावसाने आंबवड्यात चार दिवस घराबाहेर पाऊल टाकू दिले नाही. त्यातच पुण्याहून आमची थोरली बहीण सुट्टी काढून आली. आम्ही तिला अक्का म्हणतो, मुलांची ती आत्या. पुण्यात चार घरची धुणीभांडी करून तिने आपली दोन मुले शिकवली. ती आली म्हणजे आमच्या घरी सणच. पोरांनी मोबाइल टीव्हीला जोडला आणि रोज रात्री एक सिनेमा, असा बेत ठरला. भोरच्या राजवाड्यात चित्रीकरणे होत आली आहेत, तेव्हा पडद्यावरचे सारे लटके असते हे आमच्याकडच्या लहान पोरालाही ठाऊक. तरीही दिवा मालवून रहस्यपट लावला की सगळे एकमेकांना चिकटून बसतात. चार रात्रींत तीन रहस्यपट आणि एक विज्ञानपट झाला. त्यांविषयी आमची मते वाचकांपुढे ठेवतो. शेवट मात्र कुठलाच फोडणार नाही.

पहिल्या रात्री ‘दृश्यम’. मूळ मल्याळम सिनेमा जीतू जोसेफ यांचा, 2013 चा. आम्ही पाहिला तो 2015 चा हिंदी, ‘डोंबिवली फास्ट’ करणाऱ्या निशिकांत कामत यांचा. गोव्यातला विजय साळगावकर केबलचा धंदा करतो. अनाथ, चौथी नापास; जे काही शिकला ते सिनेमे पाहून. त्याच्या मुलीला चोरून काढलेल्या चित्रफितीवरून धमकावले जाते, त्या झटापटीत एक मरण घडते आणि मेलेला मुलगा निघतो बड्या पोलीस अधिकारी बाईंचा. मग हा माणूस बसची तिकिटे, हॉटेलचे बिल, सिनेमाची तिकिटे जमवून 2 आणि 3 ऑक्टोबर हे दोन दिवस नव्याने रचतो. घरच्यांकडून ते पाठ करून घेतो आणि गावाच्याही डोक्यात बसवतो.

सुरुवातीचा भाग रेंगाळतो, पण पुढची बांधणी चोख आहे. कमलेश सावंत यांचा गायतोंडे धाकट्या मुलीवर हात टाकतो तेव्हा आमच्या घरात कोणी पापणी हलवली नाही. सिनेमा संपल्यावर आम्ही पोरांना विचारले, “साळगावकरने सरळ जाऊन खरे का सांगितले नाही?” थोरला म्हणाला, “कोण ऐकणार होतं त्याचं?” यावर आम्हाला पटकन काही बोलता आले नाही. घरातल्या मुलींना मात्र एक सांगतो. फोटो किंवा चित्रफीत दाखवून कोणी धमकावले तर चूक धमकावणाऱ्याची असते, तुमची नाही. त्याच दिवशी घरी सांगा.

दुसऱ्या रात्री श्रीराम राघवन यांचा ‘अंधाधुन’, 2018 चा. सगळी गोष्ट पुण्यात घडते, त्यामुळे अक्का खूश. आंधळ्याचे सोंग घेतलेला पियानोवादक खून पाहतो. तक्रार करायला पोलीस ठाण्यात जातो, तर समोर बसलेला अधिकारीच त्या भानगडीतला! अंगावर काटा येतो. तब्बूचे काम अव्वल. ‘फँड्री’त जब्याची आई झालेल्या छाया कदम इथे लॉटरीची तिकिटे विकणारी सखू झाल्या आहेत. सखू आणि रिक्षावाला पैशाच्या लोभाने वाईटाला लागतात. गरीब माणूस दाखवला की त्याला लोभी दाखवायचे, ही खोड आम्हाला आवडत नाही. पण या सिनेमात बंगल्यातली माणसे त्याहून लोभी आहेत, म्हणून दिग्दर्शकाला माफ केले.

तिसऱ्या रात्री ‘जय भीम’ लावला. 2021 चा तमिळ सिनेमा, हिंदीत आहे. दिग्दर्शक त. से. ज्ञानवेल, वकील झाला आहे सूर्या. गावच्या पुढाऱ्याच्या घरचे दागिने चोरीला जातात. त्या घरात साप धरायला गेलेला इरुलर जमातीचा राजाकन्नू, म्हणून संशय त्याच्यावर. पोलीस त्याला नेतात, मारतात आणि मग म्हणतात, कोठडीतून पळून गेला. त्याची गरोदर बायको सेंगणी वकील चंद्रूंना गाठते. ते बंदी प्रत्यक्षीकरण याचिका, म्हणजे हेबियस कॉर्पस, दाखल करतात: नेलेला माणूस न्यायालयापुढे उभा करा. गोष्ट 1993 च्या तमिळनाडूतल्या खऱ्या खटल्यावरून घेतली आहे. वकील के. चंद्रू पुढे मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. मारहाणीची दृश्ये फार लांबवली आहेत, लहान मुलांना तेवढा वेळ बाहेर बसवा. बाकी सिनेमा सगळ्यांनी पाहावा.

दागिन्यांच्या चोरीचा भाग आला आणि अक्का उठून स्वयंपाकघरात गेली. आम्हाला वाटले चहा टाकायला गेली. बऱ्याच वेळाने पाहिले तर चूल थंड आणि ती भिंतीला टेकून बसलेली. मग तिने सांगितले. काही वर्षांपूर्वी एका घरी अंगठी हरवली. दाराशी, रखवालदारासमोर, तिची पिशवी पालथी केली. पदर झटकायला लावला. तिसऱ्या दिवशी अंगठी कपडे धुण्याच्या यंत्राच्या रबरात सापडली. चुकलो असे कोणी म्हटले नाही. एक साडी पुढे केली. ती न घेता अक्काने ते काम सोडले.

“आम्हाला का नाही सांगितलंस?”

“सांगून काय? तुमीबी रडला असता.”

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. रहस्यपटात संशय फिरवायला नोकर, माळी, रखवालदार लागतातच. आपण घरी बसून “हाच असेल” म्हणतो आणि शेवटी तो निर्दोष निघाला की विसरून जातो. आमच्या घरात तो ‘हाच’ इतकी वर्षे जेवणाच्या पंगतीत बसत होता आणि आम्हाला पत्ता नव्हता.

म्हणून सिनेमाच्या निमित्ताने चार गोष्टी कात्रण करून ठेवण्यासारख्या. घरमालकीण म्हणजे पोलीस नव्हे. पोलिसांनाही स्त्रीची अंगझडती स्त्रीकडूनच, मर्यादा राखून घ्यावी लागते. अपवादाची वेळ सोडली तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. तशी वेळ आली तर महिला पोलीस आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. संविधानाच्या 22 व्या कलमानुसार अटकेचे कारण सांगावे लागते, आपल्या पसंतीचा वकील भेटू द्यावा लागतो आणि 24 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जातींना, मिळकत न पाहता, वकील मोफत मिळतो. त्यासाठी 15100 हा क्रमांक आहे. “कोण ऐकणार होतं त्याचं?” या थोरल्याच्या प्रश्नाला आमचे उत्तर उशिरा सुचले, ते हेच.

चौथ्या रात्री मन हलके करायला विज्ञानपट: आरती कडव यांचा ‘कार्गो’, 2020 साली घरोघरी पोहोचलेला. अंतराळात ‘पुष्पक’ नावाचे यान. त्यावर प्रहस्त हा राक्षस एकटाच नोकरी करतो. मेलेली माणसे यानावर येतात. त्यांच्या खिशातल्या वस्तू काढून घेतात, जखमा भरतात, आठवणी पुसतात आणि पुढच्या जन्माला धाडतात. सारे एखाद्या सरकारी कचेरीसारखे. विक्रांत मॅसी आणि श्वेता त्रिपाठी यांची कामे साधी, छान. मारामारी नाही, मोठे आवाज नाहीत, कमी पैशांत बनवलेला सिनेमा. आत्मा एका देहातून दुसऱ्या देहात जातो, हे आम्ही मानत नाही. पण कल्पना म्हणून पाहायला हरकत नाही. आमची पोरे झोपली नाहीत, यावरून काय ते समजा.

सिनेमा संपल्यावर आमच्या धाकटीने विचारले, “आत्या, तुझी ती अंगठीची आठवण अशी पुसून दिली तर?”

अक्काने क्षणभर विचार केला. “नगं बाई. मी इसरले तर त्यांचंच फावंल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने धाकटीला वही आणायला लावली आणि सांगून लिहून घेतले: कोणते साल, कोणते घर, कोण समोर होते, काय बोलले. साळगावकरने न घडलेले घरच्यांकडून पाठ करून घेतले. अक्काने घडलेले लिहून घेतले. आम्हाला विचाराल तर या चार रात्रींतले सर्वांत मोठे रहस्य त्या वहीतच उलगडले. दुपारच्या एसटीने ती पुण्याला गेली. वही धाकटीच्या दप्तरात आहे. ‘जय भीम’च्या शेवटी ती चिमुरडी वकिलासमोर पायावर पाय टाकून वर्तमानपत्र उघडते ना, तशी ही आता अधूनमधून बसते.

वाचक बंधुभगिनींनो, तुम्ही अलीकडे कोणता रहस्यपट पाहिला? त्यात संशय आधी कोणावर गेला? घरच्यांना विचारून आम्हाला कळवा. आणि सिनेमा चालू असताना कोणी उठून आत गेले, तर चहाची वाट पाहत बसू नका. त्यांच्या मागे जा.