पारा उतरतो तो घाट चढल्यावर

मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशीकडे सरकला की घराघरांत पळून जायचे बेत शिजू लागतात. यंदा आमच्याकडे कॅम्परचा बेत आहे. झोपायला गादीचे बाक, छोटी शेगडी, पाण्याची टाकी, टपावर सोलर पॅनल. भाड्याने मिळते, हवी तिथे थांबवा. पुण्याच्या भाच्याने व्हिडिओ पाठवला आणि घरातली मंडळी मनाने केव्हाच निघालीसुद्धा.

मी मात्र एसीपाशी अडलो. ओळखीच्या मेकॅनिकला विचारलं, तर तो हसून म्हणाला, "भाऊ, उभ्या गाडीत रातभर एसी चालवाल तं डिझेल पेईन ना थे!" इंजिन बंद ठेवून बॅटरीवर चालवायचा म्हटलं तरी हिशेब जमत नाही. 12 व्होल्टच्या, शंभर अँपिअर-अवरच्या बॅटरीत सगळी मिळून सव्वा युनिटच्या आत वीज मावते. हजार वॉटचा एसी ती तासाभरात फस्त करतो. तीच बॅटरी वीस वॉटचा पंखा मात्र रात्रभर आरामात चालवते. शिवाय सोलर पॅनलला हवं ऊन आणि माणसांना हवी सावली. दोघांची सोय एका झाडाखाली होत नाही.

मग कूलर? वैदर्भीय माणूस कूलरशिवाय उन्हाळ्याचा विचारच करू शकत नाही. आपली हवा कोरडी, म्हणून ओल्या ताट्यांतून आलेला वारा गार लागतो. पण कूलर पाणी पितो आणि खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन. ते घाटात वर चढवायचं आणि कूलरला पाजायचं? "त्यापेक्षा घरीच बसू, इथे नळ तरी आहे," ही म्हणाली. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

गारवा गाडीत नसतो, उंचीत असतो. हजार मीटर वर गेलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण तीनशे मीटरवर, चिखलदरा अकराशेच्या आसपास. म्हणजे फरक पाच अंशांचा. इथे पंचेचाळीस असेल तर तिथे चाळीस! दुपारी काही स्वेटर लागणार नाही. पण संध्याकाळी गाविलगडाच्या बाजूने वारा सुटला की त्या पाच अंशांची किंमत कळते. पचमढीचा हिशेबही जवळपास हाच. इंग्रजांनी मध्य प्रांताचा उन्हाळी कारभार तिथे हलवला होता, तो उगाच नव्हे. हिमाचलला जायचं तर निम्मी सुट्टी रस्त्यातच जाईल, म्हणून ते नाव आमच्याकडे पहिल्याच फेरीत बाद झालं.

तेव्हा बेत चिखलदऱ्याचाच, आणि तो असा: पहाटे चारला निघायचं. टायरमधली हवा गाडी थंड असतानाच तपासायची, कारण तापलेल्या टायरचा आकडा फसवतो. अमरावतीत नाश्ता, ऊन चढायच्या आत परतवाडा, मग घाट. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची; सामानाने भरलेल्या कॅम्परचा नुसत्या ब्रेकवर भरवसा धरू नये. वर सगळं मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचं रान आहे. 'हवी तिथे थांबवा' हे व्हिडिओतलं वाक्य तिथे विसरायचं आणि रात्रीच्या मुक्कामाची परवानगीची जागा आधीच ठरवायची. एसी नाही, कूलर नाही. दोन पंखे, खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी, आणि कैऱ्या उकडून केलेला पन्ह्याचा गर बरणीत.

आणि एक विनंती, कॅम्पर घेऊन वर जाणाऱ्या सगळ्यांनाच. टाकी परतवाड्यातच भरून घ्या. मेळघाटातल्या कितीतरी गावांना मे महिन्यात पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. तिथल्या हापशावर आपला पाइप लावू नका.