‘परतले’ म्हणणाऱ्यांस

ब्रह्मबांधव उपाध्याय यांच्याविषयी लिहिताना आपले बरेचसे अभ्यासक एका ठरीव वळणाने जातात. १८६१ मध्ये हुगळी जिल्ह्यात जन्मलेला हा बंगाली ब्राह्मण केशवचंद्र सेनांच्या प्रभावाने ब्राह्मो झाला, सिंधमध्ये शिक्षक असताना १८९१ मध्ये कॅथलिक झाला, आणि १९०७ साली प्रायश्चित्त घेऊन ‘स्वगृही परतला’. जणू मधली सोळा वर्षे एक ज्वर होता आणि तो यथाकाल उतरला! धर्मांतरिताची श्रद्धा हा नेहमी कशाचा तरी परिणामच असला पाहिजे, लोभाचा, भ्रमाचा, फार तर भावनावेगाचा, हे गृहीत धरले की असे वाचन सोपे जाते. ती विचारांती घेतलेली भूमिका असू शकते, हे मात्र कोणी मानावयास तयार नसते.

वस्तुतः उपाध्यायांचा सारा व्यवहार विचाराचाच होता. १८९४ मध्ये कराचीहून सुरू केलेल्या ‘सोफिया’त त्यांनी वेदान्तातील निर्गुण ब्रह्म आणि थॉमस अक्वायनसचा ईश्वर यांची सांगड घातली. १८९८ मध्ये रचलेल्या संस्कृत स्तोत्रात त्रैक्याला ‘सच्चिदानंद’ म्हटले. समाजधर्म वेगळा, साधनधर्म वेगळा. जन्माने व आचाराने आपण हिंदू, श्रद्धेने कॅथलिक, असे त्यांचे प्रतिपादन होते. ते खोडून काढावे. पण त्यासाठी आधी वाचावे लागेल.

आणि लाभ? भगवी वस्त्रे धारण करणाऱ्या या संन्याशाचा जबलपूरचा नियोजित मठ चर्चच्या अधिकाऱ्यांनी उभा राहू दिला नाही. १९०० मध्ये पोपचे प्रतिनिधी झालेस्की यांनी कॅथलिकांना ‘सोफिया’ वाचण्यास मनाई केली. लोभाने आलेला मनुष्य याच वेळी निघून गेला असता. उपाध्याय गेले नाहीत.

शाळेतील सरस्वतीपूजनाला त्यांनी दिलेली संमती आणि श्रीकृष्णाची केलेली पाठराखण माझ्या पक्षाला अडचणीची आहे, हे खरे. ‘संध्या’ पत्रातील त्यांच्या जहाल लेखणीत तर ख्रिस्त क्वचितच दिसतो. परंतु प्रायश्चित्त होते ते परदेशगमनाचे आणि निषिद्ध पंक्तिव्यवहाराचे. ख्रिस्तावरील श्रद्धेचा जाहीर त्याग त्यांनी केल्याचे कोणी दाखविलेले नाही. आणि त्यांचे शिष्य अणिमानंद, जे स्वतः सिंधी कॅथलिक होते, गुरू अखेरपर्यंत कॅथलिकच राहिले अशी साक्ष देतात. राजद्रोहाच्या खटल्यात परकीय न्यायासनापुढे बचाव करण्याचे नाकारून २७ ऑक्टोबर १९०७ रोजी कलकत्त्याच्या रुग्णालयात ते वारले. देह अग्नीला दिला, एवढ्यावर श्रद्धेचा निकाल लावणारे त्यांनीच केलेला भेद विसरतात.

आपल्याकडेही १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या (ते प्रॉटेस्टंट होते) नारायण वामन टिळकांची कविता ‘ख्रिस्ती असूनही’ अस्सल मराठी ठरविली जाते. त्या ‘असूनही’त केवढा संशय आहे! उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्याने तोच संशय दप्तरी नोंदविला: प्रौढ माणसाने धर्म बदलण्यापूर्वी ६० दिवस जिल्हाधिकाऱ्याला कळवावे. फेब्रुवारी १८९१ मध्ये अँग्लिकन आणि त्याच सप्टेंबरात कॅथलिक झालेल्या उपाध्यायांनी कोणती तारीख लिहून दिली असती?