कानाला यंत्र कुणी लावायचं?

परिषदेचं अंदाजपत्रक करताना कात्री आधी लागते ती भाषांतराला. मांडव हवा, जेवण हवं, बॅनर तर हवंच; भाषांतराचं काय, कुणीतरी कार्यकर्ती शेजारी बसून सांगेल! मग मागच्या रांगेत दहा-बारा बायांचा घोळका, मध्ये घसा कोरडा करणारी एक मैत्रीण आणि पुढून वळून 'शूऽऽ' करणाऱ्या इतर. वीस मिनिटांच्या भाषणातली चार वाक्यं पदरात पडतात, तीही त्या मैत्रिणीला महत्त्वाची वाटलेली.

ही यंत्रणा नवलाईची राहिलेली नाही. १९४५ साली न्यूरेंबर्गचा खटला चार भाषांत असाच चालला. आपल्या लोकसभेत १९६४ पासून ही सोय आहे. खासदारांना जे मिळतं, ते नंदुरबारच्या भिली बोलणाऱ्या बाईला का नको?

काचेच्या बंद बूथमध्ये दोघी दुभाषी बसतात. ऐकता ऐकताच बोलायचं म्हणजे डोकं शिणतं, म्हणून वीस-तीस मिनिटांनी पाळी बदलतात. बूथ परवडत नसेल तर पर्यटकांच्या गाइडकडे असतो तसा छोटा माईक आणि रिसीव्हरचा संच चालतो. दुभाषीनं मात्र कोपऱ्यात बसून हळू बोलायचं.

भाड्यानं घेताना एक जरूर विचारा : इन्फ्रारेड की रेडिओ? रेडिओलहरी भिंतीपलीकडे जातात, बाहेरचा कुणीही त्या पकडू शकतो. अत्याचाराची हकिगत सांगणाऱ्या बाईसाठी ही लहान बाब नाही. इन्फ्रारेड भिंतीआडच राहतं, पण भर उन्हात नीट चालत नाही. म्हणून असं सत्र उघड्या मांडवात नको, सभागृहात घ्या.

माझा खरा राग वेगळाच आहे. हेडफोन वाटले जातात ते फक्त मराठीवाल्या बायांना. इंग्रजीत बोलणाऱ्या मैत्रिणींचे कान मोकळेच! गावाकडची बाई दहा मिनिटं जीव तोडून बोलते आणि सूत्रसंचालिका दोन वाक्यांत तिचं 'सार' सांगते. म्हणजे तिनं ऐकायचं, ऐकवायचं नाही. (भगिनीभावावरचं सत्र मात्र त्यानंतर लगेच असतं.) माझं म्हणणं सरळ आहे. पहिला हेडफोन इंग्रजीवाल्यांनी लावावा, आणि मराठीतून, भिलीतून इंग्रजीत जाणारा चॅनेल आधी ठरवावा. त्यासाठी भिली जाणणारी मुलगी गावातलीच मिळेल. तिला चहा-नाश्ता आणि प्रमाणपत्रावर बोळवू नका. शहरातल्या दुभाषीला देता तेवढंच मानधन तिलाही द्या.